रिद्धपुरात पाहण्यासारखं काय आहे?

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मेळाव्याची तारीख ठरली त्या दिवशी आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका मैत्रिणीने विचारलं होतं, "मी लेकरांना घेऊन येते आहे. एक दिवस जास्तीचा थांबणार. गावात पाहण्यासारखं काय आहे?"

उत्तरं धडाधड आली. एकाने लिहिलं, चिखलदऱ्याला जा. दुसऱ्याने सालबर्डी सांगितली. तिसऱ्याने मुक्तागिरीचा धबधबा सुचवला. चौथा म्हणाला, कुठं जाता, कोणाच्या तरी वाडीत रोडग्यांची पंगत करू. प्रश्न होता गावाचा आणि उत्तरं सगळी गावाबाहेरची. रिद्धपूरचं नाव कोणीच घेतलं नाही. दोष देत नाही, कारण मीही घेतलं नव्हतं. नंतर आयोजकांनी मला वीस मिनिटं बोलायला सांगितलं, तेव्हा ठरवलं की आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत, आपण त्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

त्याआधी एक कबुली द्यायची आहे. पुढच्या रांगेत आपल्या मराठीच्या बाई बसल्या आहेत, त्यांच्यासमोरच देतो.

दहावीनंतर मी शहरात शिकायला गेलो. वसतिगृहात पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठला रे तू?" रिद्धपूर म्हटलं तर कोणाला कळेना. तिसऱ्यांदा समजावून सांगायचा कंटाळा आला आणि मी म्हणालो, "मोर्शीचा." तेव्हापासून मी मोर्शीचाच झालो. पुढे मराठीच्या तासाला सर लीळाचरित्र शिकवायला लागले. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, तेराव्या शतकातला, वगैरे. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात 'ऋद्धिपूर' लिहिलं आणि विचारलं, "हे गाव कुठे आहे, कोणाला माहीत आहे का?"

वर्गात साठेक मुलं होती आणि त्यांतला एकच त्या गावचा होता. त्याने हात वर केला नाही. करणार कसा? तो मोर्शीचा होता ना! आणि खरी गोष्ट सांगू? हात वर केला असता आणि सरांनी पुढे विचारलं असतं, "मग सांग तिथलं काही," तर सांगण्यासारखं माझ्याजवळ काहीच नव्हतं. सोळा वर्षं गावात काढली होती. वाजेश्वरीच्या आवारात लपंडाव खेळलो होतो. पण तिथं काय झालं होतं, ते मला शहरातल्या फळ्यावरून कळत होतं.

तर आज, इतक्या वर्षांनी, तो हात वर करतो आहे.

गाव आहे कुठं, इथून सुरुवात करू. मोर्शी आणि चांदूर बाजार यांच्या मधे, मोर्शी तालुक्यात. उत्तरेला सातपुडा, आणि पावसाळ्यानंतर हवा निवळली की तो किती जवळ दिसतो ते तुम्हाला सांगायला नको. भोवती काळी माती, कपाशी, तूर, संत्र्याच्या बागा. एसटीने येणारा माणूस रिद्धपूरला पोचतो तो दुसरीकडे कुठंतरी जाता जाता. वाटेवरचं गाव. माझं आजचं म्हणणं असं, की हे गाव तेव्हाही वाटेवरचंच होतं, आणि त्यामुळेच ते मोठं झालं.

पुरावा द्यायचा तर फार मागं जावं लागेल. आपल्या गावात ताम्रपट सापडले आहेत, हे किती जणांना माहीत आहे? इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत ते 'रिथपूर ताम्रपट' या नावाने ओळखले जातात. त्यांतला एक प्रभावतीगुप्तेचा. ही बाई म्हणजे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक आणि वाकाटकांची सून. नवरा गेल्यावर मुलं लहान होती म्हणून तिने स्वतः राज्य चालवलं. ताम्रपट तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या एकोणिसाव्या वर्षातला आहे आणि तो दिला आहे रामगिरीच्या स्वामीच्या पायांपासून, म्हणजे रामटेकहून. दुसरा ताम्रपट नल घराण्यातल्या भवदत्तवर्म्याचा, तो नंदिवर्धनचा, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनचा. दोन घराणी, दोन काळ, पण दोन्ही लेखांचा धागा रामटेकच्या मुलखाशी जुळतो आणि ते सापडतात आपल्याकडे. पाचव्या शतकात डोकं वर काढलेलं हे रामटेकचं नाव लक्षात ठेवा, कारण आठशे वर्षांनी ते पुन्हा येणार आहे.

तेराव्या शतकात देवगिरीला यादवांचं राज्य होतं, तेव्हाची गोष्ट. जवळच्या काटसुरे गावात अनंतनायक आणि नेमाइसा यांच्या पोटी एक मुलगा जन्मला. आईबाप लहानपणीच गेले. नातेवाइकांनी त्याला रिद्धपुरात आणलं, इथं तो वाढला आणि शिकला. हे गुंडम राऊळ, म्हणजेच गोविंदप्रभू. महानुभाव पंथ ज्यांना पंचकृष्ण म्हणतो त्यांतले एक. कृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर ही ती पाच नावं. म्हणजे द्वारका, माहूर आणि फलटण या गावांच्या रांगेत आपलं गाव आहे. पंथाचे लोक याला परमेश्वरपूर म्हणतात, महानुभावांची काशी म्हणतात.

पण गोविंदप्रभू गावात वावरायचे कसे? कोणाच्याही घरात शिरायचे, चुलीवरचं उतरवून खायचे, गल्लीतल्या पोरांबरोबर खेळायचे, मधेच रागवायचे, मधेच हसायचे. काही लोक त्यांना वेडं समजत. आणि त्याच वेळी गावातल्या बाया अडल्यानडल्या की त्यांच्याकडे धाव घ्यायच्या, त्यांना माय आणि बाप दोन्ही म्हणायच्या. जातीपातीचा विटाळ त्यांनी मानला नाही. ज्यांच्या सावलीचा विटाळ होई त्यांच्या घरी ते गेले, तिथलं खाल्लं. मातंगांना पाणी मिळत नव्हतं, त्यांच्यासाठी विहीर खोदवल्याचीही लीळा आहे. अशा तीनशेहून अधिक लीळा म्हाइंभटांनी नंतर लिहून काढल्या. त्या ग्रंथाला गोविंदप्रभुचरित्र म्हणतात, ऋद्धिपूरलीळा असंही म्हणतात. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. आपल्या गावच्या गल्ल्या आहेत, दुकानं, विहिरी, देवळं, भांडणं, लेकुरवाळ्या बाया आहेत. सातशे वर्षांपूर्वीच्या एका खेड्याचा इतका बारीक तपशील मराठीत दुसरीकडे शोधावाच लागेल.

आता रामटेक पुन्हा येतं. भडोचचा एक तरुण, प्रधानाचा मुलगा, नाव हरपाळ. त्याचं मन घरात लागेना. रामटेकच्या यात्रेला जातो असं सांगून तो घराबाहेर पडला आणि वाटेत रिद्धपूर लागलं. त्या वेळी गावात शिजवलेलं अन्न विकणाऱ्यांचा बाजार होता. त्याला लीळाचरित्रात शब्द आहे 'रांधवणहाट'. रांधणं आणि हाट, दोन्ही शब्द आपल्या आजीच्या तोंडचे. त्या हाटात हरपाळाला गोविंदप्रभू दिसले. त्यांनी दुकानातून शेंगुळं घेतलं, खाल्लं आणि उरलेलं त्याच्याकडे टाकलं. त्या प्रसादाने हरपाळाला ज्ञान झालं, असं पंथ मानतो. रामटेकला निघालेला माणूस इथं थांबला आणि इथून निघाला तो चक्रधर म्हणून.

तुम्ही श्रद्धाळू असा वा नसा, ही घटना कुठं घडली ते पाहा. राजवाड्यात घडली नाही, देवळाच्या गाभाऱ्यातही घडली नाही. खानावळींच्या ओळीत घडली, आणि साधन होतं एक शेंगुळं. आपल्या घरी पावसाळ्यात भाजीला काही नसलं की आई करायची तेच.

आता वाजेश्वरी. आपली लपंडावाची जागा.

१२७४ च्या सुमारास चक्रधर महाराष्ट्र सोडून उत्तरेकडे निघून गेले. मागं राहिलेल्या शिष्यांना काही सुचेना. नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, आणि बाकीचे रिद्धपूरला आले आणि गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. त्यांच्यात म्हाइंभट होते, मूळचे सराळ्याचे, मोठे पंडित. त्यांच्या मनात आलं की स्वामी काय बोलले, कुठं बसले, कोणाशी कसे वागले, हे आज लोकांना आठवतं. उद्या ही माणसं गेली की सगळं जाईल. म्हणून त्यांनी लिहायचं ठरवलं.

कसं लिहिलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आधी नागदेवाचार्यांना विचारलं. मग ज्यांनी ज्यांनी प्रसंग स्वतः पाहिला होता, त्यांच्याकडे ते गेले. गावोगाव फिरले. पाहणारा पंडित असो की साधी बाई असो, तिची आठवण तेवढीच मोलाची धरली. दोघांच्या आठवणीत फरक पडला तर एक पुसून दुसरी ठेवली नाही. पोथ्यांमध्ये अशा वेगळ्या आठवणींना 'वासना' म्हणतात, अमक्याची वासना अशी, तमक्याची तशी. जिथं खात्री करायची तिथं 'शोधु' हा शब्द येतो. आज पत्रकार आणि संशोधक जे करतात, ते हा माणूस वाजेश्वरीत बसून १२७८ च्या आसपास करत होता. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे त्याच्याही आधी.

आणि भाषा? मराठी. ही गोष्ट सहज घडलेली नव्हती. त्या काळी धर्माचं लिहायचं ते संस्कृतात. शिष्यांमध्ये केशिराजबासांसारखे संस्कृतचे जाणकार होते आणि संस्कृतात ग्रंथ करण्याची त्यांची इच्छाही होती. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. त्यांचं म्हणणं असं, की स्वामींनी मला मराठीत सांगितलं, आणि तुम्ही संस्कृतात लिहिलं तर माझ्या म्हाताऱ्या बायांना ते कसं कळणार? स्मृतिस्थळात हा प्रसंग आहे. मित्रांनो, मराठी गद्याचा पाया घातला गेला तो म्हाताऱ्या बायांना समजावं म्हणून. हा निर्णय ज्या मंडळींनी घेतला, त्यांचा मुक्काम रिद्धपुरात होता.

बायांनी केवळ ऐकलं असंही नाही. महदाइसा, जिला महदंबा म्हणतात, बालविधवा, नागदेवाचार्यांची नात्यातली बहीण. उतारवयात गोविंदप्रभूंना लग्न करायची लहर आली. भक्तांनी खरोखर लग्नाचा थाट मांडला आणि तिला वरपक्षाची गाणी म्हणायला सांगितली. तिने रुक्मिणी आणि कृष्णाच्या लग्नावर धवळे रचून म्हटले. त्या धवळ्यांमुळे ती मराठीतली पहिली कवयित्री ठरली. रुक्मिणीचं माहेर म्हणून मानलं जाणारं कौंडिण्यपूर आपल्याच जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठावर आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या लेकीच्या लग्नाचं गाणं एका बाईने आपल्या गावात म्हटलं. ज्या बाईला त्या काळी लग्नमंडपात उभं राहायची मुभा नव्हती, तिने लग्नाची गाणी रचली. हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतं. गावात उभं राहून ऐकलं की संपत नाही.

मग एवढं सगळं होऊन आपल्याला कसं माहीत नव्हतं? याला दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे पोथ्या लपल्या. दिल्लीच्या फौजा दख्खनेत आल्या, त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली. परंपरा सांगते की हिराइसा नावाच्या साधक बाईला ते तोंडपाठ होतं आणि तिच्या पाठावरून ते पुन्हा उतरवलं गेलं. पुन्हा एक बाईच. पुढे पंथाने ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिले. मठाबाहेरच्या माणसाच्या हाती पोथी पडली तरी त्याला अक्षर लागेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उलगडली. मग यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, आणि आपल्या वऱ्हाडातल्या नरवेलचे वि. भि. कोलते यांनी जन्मभर हे काम केलं. कोलत्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ साली निघालं. अॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनी गोविंदप्रभूंच्या लीळा इंग्रजीत नेल्या. १९८४ साली ते पुस्तक निघालं आणि त्याच्या नावातच रिद्धिपूर आहे. तिकडे पंजाबात या पंथाला जयकृष्णी म्हणतात. तिथले लोक मराठीतले हे धर्मग्रंथ जपून आहेत आणि दर्शनाला आपल्या गावी येतात. लहानपणी आपण त्यांच्याकडे टकमक बघायचो, आठवतं? ते एवढ्या लांबून काय बघायला येतात, हे आपल्या मनातही आलं नाही.

दुसरं कारण जास्त टोचणारं आहे. मराठीत 'मानभावी' हा शब्द आहे. वरून गोड आणि आतून लबाड अशा माणसाला आपण मानभावी म्हणतो. मीही म्हणत आलो. हा शब्द 'महानुभाव' वरून आला. ज्या लोकांनी मराठीला पहिलं गद्य दिलं, त्यांच्याच नावाची मराठीने शिवी केली. काळे कपडे घालणारे, मूर्तिपूजेला आणि जातीला न जुमानणारे, स्त्रियांना संन्यास देणारे, पोथ्या गुप्त ठेवणारे, म्हणून संशय. आपल्या शेजारी त्यांचा मठ, आपल्या आईच्या ताटातलं अन्न त्यांच्या झोळीत, आणि आपल्या तोंडात हा शब्द. तो मी सोडला आहे. तुम्हीही सोडा, एवढीच विनंती.

आता उद्या सकाळी काय पाहायचं ते सांगतो. गाड्या शाळेच्या आवारात ठेवा. रिद्धपूर पायी पाहायचं गाव आहे.

आधी राजमठात जा. गोविंदप्रभूंच्या वास्तव्याचं हे मुख्य स्थान. मग वाजेश्वरी. तिथं काही भव्य दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. लेकरांना सांगा की आपण शाळेत जी भाषा लिहितो, तिची पहिली मोठी वही इथं लिहिली. मग गल्ल्यांमधून हिंडा. जागोजागी ओटे दिसतील. काही मोठे, देवळासारखे, काही घराच्या भिंतीला टेकलेले छोटेसे. ही 'स्थानं'. इथं प्रभू बसले, इथं जेवले, इथं पोरांशी खेळले. पंथात चार गोष्टींना मान आहे, स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. ईश्वराचा स्पर्श झालेली जागा ही त्यांतली पहिली. म्हणून भक्त ओट्याला डोकं टेकतात, विडा ठेवतात. कोणती जागा कुठं, कोणतं देऊळ कुठल्या तोंडाचं, हे लिहून ठेवणारा स्थानपोथी नावाचा स्वतंत्र ग्रंथ आहे. एखाद्या संताच्या पावलांचा असा पत्ता-नोंदीसकट हिशेब ठेवलेला मला तरी दुसरा माहीत नाही. मठांमध्ये जुन्या पोथ्या आहेत. विचारलं तर महंत आदराने दाखवतात. पण हात धुऊन जा, आणि फोटोआधी परवानगी घ्या.

ओट्यांवरून माझी आई आठवते. लहानपणी मी धावत धावत ओट्यावर चढलो की ती ओरडायची, "थ्या वट्यावर पाय नोको देऊ रे लेका. तथी देव बसला होता."

'होता' म्हणायची. जणू कालपरवा पाहिलं आहे. तिने लीळाचरित्राचं नाव ऐकलं नव्हतं, आम्ही महानुभावही नव्हतो. पण ही तिची वासना होती, म्हाइंभटांच्या अर्थाने. तिच्या आईकडून तिला, तिच्या आईला तिच्या आईकडून. आणि मी काय केलं? शहरातून शिकून आलो आणि तिची भाषा सुधारायला लागलो. "आई, मले नाही, मला म्हण. वटा नाही, ओटा." पाहुणे आले की ती माझ्याकडे बघून बोलायची. नंतर नंतर पाहुण्यांसमोर बोलेनाशीच झाली. ज्या गावात म्हाताऱ्या बायांसाठी मराठी निवडली गेली, त्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईला मी मराठीच्या नावाखाली गप्प केलं. ती आता नाही. तिला किती ओटे माहीत होते, कोणत्या विहिरीची कोणती गोष्ट माहीत होती, हे मी विचारायचं राहून गेलं.

आज दिवस पालटले आहेत. २०२३ च्या मार्चमध्ये अर्थसंकल्पात मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा झाली आणि ते रिद्धपूरला मिळालं. २०२४ साली डॉ. अविनाश आवलगावकर पहिले कुलगुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आता रिद्धपूर कुठं आहे हे मोर्शीचं नाव घेऊन सांगावं लागत नाही. आनंद आहेच. पण थोडी धाकधूकही आहे. रस्ते रुंद होतील, इमारती उठतील, जमिनीचे भाव वाढतील, बाहेरची माणसं येतील. यायलाच हवीत. हरपाळ भडोचचा, म्हाइंभट सराळ्याचे, महदाइसा बाहेरचीच. या गावाचं मोठेपण येणाऱ्यांनी घडवलं. दुसरीकडे जाता जाता इथं थांबणाऱ्यांनी घडवलं. आपण मात्र इथले असून निघून गेलो. पोटापाण्यासाठी गेलो, त्यात पाप नाही. पण मोठ्या इमारतीच्या सावलीत छोटा ओटा दिसेनासा होतो. विद्यापीठात मराठी शिकायला आलेल्या मुलांनी चहाच्या टपरीवर आपल्या लोकांच्या वऱ्हाडीला हसावं, हे होऊ नये. आणि ते न होऊ देणं विद्यापीठाच्या हाती जेवढं आहे त्याहून जास्त आपल्या हाती आहे. कारण पहिले हसलो ते आपण.

म्हणून आजच्या मेळाव्याला माझा एक साधा प्रस्ताव आहे. देणगीची यादी होईल, वर्गखोलीला रंग लागेल, सगळं होवो. त्याबरोबर शाळेत एक वही ठेवू. आपल्यापैकी ज्यांचे आईवडील, काका, मावशी, शेजारचे म्हातारे अजून गावात आहेत, त्यांच्याजवळ बसायचं आणि विचारायचं. हा ओटा कशाचा? या विहिरीला हे नाव का? पूर्वी बाजार कुठं भरायचा? पंजाबचे लोक कोणाच्या घरी उतरायचे? शेंगुळे कसे करायचे? आणि जसं बोलतात तसंच लिहायचं. 'मले' तर 'मले'. सांगणाऱ्याचं नाव लिहायचं. दोघांचं वेगळं निघालं तर दोन्ही लिहायचं, कोण बरोबर याचा निकाल लावायचा नाही. ही पद्धत मी शोधलेली नाही. ती इथं, वाजेश्वरीत ठरलेली आहे, साडेसातशे वर्षं होत आली.

आपल्या वर्गाने प्रत्येकी दोन पानं लिहिली तरी शंभरावर पानं होतील. आजच्या शाळेतल्या मुलांना ती वाचता येतील. उद्या कोणत्या तरी शहरात कोणत्या तरी सरांनी फळ्यावर 'ऋद्धिपूर' लिहून विचारलं, तर आपल्या गावच्या पोराने हात वर करावा आणि पुढचा प्रश्न आला की त्याच्याजवळ उत्तर असावं.

ग्रुपवर प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणीला आता उत्तर देतो. गावात पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण दाखवणारे म्हातारे थोडे उरले आहेत. उद्या सकाळी सात वाजता राजमठाच्या दारात भेटू. लेकरांना आण. ओट्यांवर पाय देऊ नका म्हणावं, तिथं देव बसला होता. चिखलदरा कुठं जात नाही, तिकडे परवा जा.

बाई, आज हात वर केला आहे. उशीर झाला, माफ करा.